लकवा मारल्यावर हात सुधारायला व्हीआर गेमचा सेट घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की सासऱ्यांचा उजवा हात लकव्यानं गेलाय, फिजिओ चालू आहे, तर व्हीआरचा सेट (डोळ्यांवर हेडसेट लावून आतल्या खोट्या जगात खेळायचा) आणून घरी गेम खेळवले तर हात लवकर येईल का. आमच्या आप्पांना दोन वर्षांमागं असाच झटका आला, आम्ही खानापूर तालुक्यातले, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. तेवढ्यासाठी सेट घेऊ नका.

बेळगावात ज्या फिजिओ मॅडमकडं जायचो तिथं एक जुना किनेक्ट होता, मायक्रोसॉफ्टनं 2010 ला काढलेला कॅमेरा, हातात काही धरावं लागत नाही, लांबूनच अंगाची हालचाल ओळखतो. स्क्रीनवर फुगे यायचे ते हात नेऊन फोडायचे. नुसता व्यायाम म्हटलं की दहा वेळा हात उचलून 'बास की आता' म्हणणारे आप्पा तिथं पन्नास-साठ वेळा हात न्यायचे, आणि मॅडम कन्नडमधून 'इन्नोंद सल, इन्नोंद सल' म्हणजे अजून एकदा, अजून एकदा करत मागं लागायच्या. मेंदूचा मेलेला भाग काही परत येत नाही, उरलेला भाग ते काम शिकतो आणि त्याला तीच हालचाल शेकडो वेळा करायला लागते, गेमचा उपयोग एवढाच की माणूस कंटाळत नाही.

पण झालं काय, स्कोर रोज वाढायला लागला आणि कोपर काही सरळ होईना. मॅडमनी बाजूला उभं राहून बघितलं तर आप्पा कमरेतून पुढं वाकून, खांदा उचलून फुगा गाठत होते, गेमला काय, फुगा फुटला की पॉइंट! मग त्यांनी पाठ खुर्चीला टॉवेलनं बांधली, स्कोर एकदम पडला, आप्पा चिडले, पण खरा व्यायाम त्या दिवसापासून सुरू झाला. घरी हे कोण बघणार सांगा, आणि हेडसेट लावून तोल गेला तर वेगळंच.

कॅनडातल्या डॉ. गुस्तावो सापोस्निक यांच्या टीमचा 2016 चा अभ्यास आहे, नुकताच झटका येऊन गेलेले 141 पेशंट, नेहमीच्या थेरपीच्या जोडीला काहींना निन्टेंडो वी (हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचा गेम) दिला आणि बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असले खेळ, दोन आठवड्यांत तासाची 10 सेशन. दोन्हीकडचे हात सुधारले, फरक काही निघाला नाही. 2017 ला कॉक्रेन या औषधोपचारांचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं 72 अभ्यास एकत्र बघितले त्यातही तेच, व्यायामाच्या जागी गेम ठेवून जास्त फायदा नाही, व्यायाम करून वर जादा वेळ खेळवलं तर थोडा आहे.

म्हणून मॅडमना विचारून आम्ही घरी चिंचोके आणले, ताटातला एकेक उचलून वाटीत टाकायचा. ते आप्पांना पोरांचा खेळ वाटला, दोन दिवसांत सोडला. पत्ते मात्र लागू पडले. संध्याकाळी शेजारचे दोघं येतात, पत्ते डाव्या हातात धरायचे आणि टाकायचा उजव्यानंच असा नियम आहे, पान सुटायला वेळ लागतो, पण तोवर कुणी हात लावत नाही.