रंग काळाभोर, पण वासच नाही

प्रश्न : यावेळी इन्स्टंट कॉफीचा मोठा पाउच स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. रंग एकदम गडद येतोय पण कॉफीचा वास काही येत नाही. भेसळ असेल का? ती थंड पाण्याची टेस्ट दाखवतात ती खरी असते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भेसळ म्हणायच्या आधी पाउच उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक तिथे कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के असं काहीतरी छापलेलं असणार. चिकोरी म्हणजे एक मूळ, भाजून दळतात, गुजरातेत जामनगरकडे पिकतं. त्यात कॅफीन नाही, कॉफीचा वास नाही, पण रंग आणि दाटपणा भरपूर, म्हणून रंगावर अजिबात जाऊ नका. आणि ही भेसळ नव्हे बरं का, कायद्याने चालते, फक्त कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर लिहिलेलं हवं. म्हणजे निम्म्याला टेकेल इतकी चिकोरी असली तरी पाकीट कायदेशीरच! भाव बघताना म्हणूनच पूर्ण वजन नका धरू, त्यात कॉफी किती ग्रॅम ते काढा, मग स्वस्त किती पडलं ते कळेल.

पाण्याची टेस्ट खरी आहे, पण फिल्टर कॉफीच्या पावडरला. ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर टाकायची, हलवायचं नाही, कॉफीचे कण बराच वेळ तरंगतात आणि चिकोरी तपकिरी रेघ सोडत खाली जाते. इन्स्टंटला याचा उपयोग शून्य, कारण तो वाळवलेला अर्कच असतो, सगळाच विरघळणार.

इन्स्टंट जिभेनेच तपासा. अर्धा कप, दूध नको साखर नको, जरा निवू द्या आणि मग घोट घ्या. आपण दूध, साखर, वर जायफळ घालतो त्यात कुठलीही कॉफी खपून जाते हो. निवल्यावर जळकट, रबरासारखा वास आला तर माल हलका. याचा दोष सरसकट रोबस्टा या कॉफीच्या जातीला देतात ते मला पटत नाही, आपल्या देशातली साधारण ७० टक्के कॉफी रोबस्टाच आहे आणि कर्नाटकातल्या कोडगूची (कूर्गची) नीट धुऊन वाळवलेली रोबस्टा सुरेख लागते.

पाउचमध्ये गठ्ठे झालेत का तेही बघा, ओल लागली की वास जातो. तसं नसेल तर ही दुधात संपवा, आणि पुढच्या वेळी १०० टक्के कॉफी लिहिलेली छोटी बरणी आणा.