डिस्क मिरर आहेत, मग अपग्रेडआधी बॅकअप कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला फाइल सर्व्हर डेबियन 11 (लिनक्सचा एक प्रकार) वर आहे, 2 टीबीच्या दोन डिस्क सॉफ्टवेअर रेडने मिरर केल्यात (म्हणजे दोन्हीवर कायम तोच डेटा), आता डेबियन 12 वर जायचंय. डेटा दोन ठिकाणी आहेच, तर वेगळा बॅकअप लागेल का?

लागेल. मिरर डिस्क मेल्यावर कामाला येतो, माणूस चुकल्यावर नाही. अपग्रेडमध्ये एखादं पॅकेज अर्धवट बसलं तर ते दोन्हीकडे सारखंच अर्धवट बसतं. म्हणून डेटा आणि एटीसी फोल्डर (सर्व्हरच्या सेटिंग्ज असतात तो) आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातल्या चार फायली खरोखर उघडून बघा.

मिररचा उपयोग होतो, पण तो तोडून. मशीन नीट शटडाउन करायचं, दुसरी डिस्क काढून टेबलावर ठेवायची आणि अपग्रेड एकट्या पहिलीवर चालवायचं. फसलं तर दुसरी लावली की कालचा सर्व्हर पुन्हा उभा. चालू मशीनमध्ये कमांड देऊन डिस्क 'फेल' करता येते, पण मग फाइल सिस्टिम चालता चालता मधेच कापलेली राहते. त्यापेक्षा बंद करून वायर काढलेली बरी.

आता यातली मेख. सांगलीतल्या एका सीए ऑफिसात अपग्रेड बिघडलं, मी ऐटीत टेबलावरची डिस्क लावली, आणि स्क्रीनवर काय तर बूट करायला डिस्कच नाही! डेटा सगळा जागेवर होता, पण ग्रब, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, फक्त पहिल्या डिस्कवर. मिरर पार्टिशनचा होता, बूट रेकॉर्ड त्याच्या बाहेर असतो. इन्स्टॉल करताना एकच डिस्क निवडणारा शहाणाही मीच. रेस्क्यू पेनड्राइव्ह शोधून ग्रब बसवेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले आणि वॉचमन दोनदा चौकशी करून गेला.

तेव्हापासून आधी 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' ही कमांड चालवून, ग्रब कुठे बसवायचा त्या यादीत दोन्ही डिस्कवर खूण करतो. मग पहिली काढून मशीन नुसत्या दुसरीवर चालू करून बघतो. चाललं की बंद करून पहिली परत लावायची, मिररमध्ये जोडायची, आणि 'एमडीस्टॅट' या मिररची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये दोन्ही 'यू' (दर चालू डिस्कला एक) दिसेपर्यंत थांबायचं. एका 'यू'च्या जागी अंडरस्कोअर असेल तर मिरर आधीच तुटलेला आहे, अपग्रेडला हातच लावू नका. डेबियन 11 महिन्याच्या पहिल्या रविवारी मिररची तपासणी आपोआप लावतं, म्हणून मी त्यानंतरचा रविवार धरतो. आणि मार्चअखेर सोडून.

प्रत्यक्ष अपग्रेड सरळ आहे: पॅकेजेस कुठून घ्यायची त्या सोर्सेस यादीत बुल्सआय (11 चं नाव) च्या जागी बुकवर्म (12 चं), आणि 12 पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा झालाय, तो 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडायला विसरू नका. दुरून जोडून करत असाल तर सगळं टीमक्स या प्रोग्रॅममध्ये चालवा, नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

अपग्रेडनंतर डिस्क परत मिररमध्ये जोडताना खरी भीती दिशेची. नवी (अपग्रेड झालेली) जुनीवर कॉपी व्हायला हवी होती आणि उलटं झालं तर संपलं. एसडीए, एसडीबी ही सिस्टिमने डिस्कना दिलेली नावं बूटागणिक बदलू शकतात, म्हणून डिस्कवरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा. मागे फिरून जुनी डिस्क चालवली असेल तर दोन्ही लावून मशीन कधीच सुरू करू नका. जुनीवर मशीन चालू असताना बिघडलेली जोडा. ती एमडी127 अशा नावाने वेगळा मिरर म्हणून आपणहून उभी राहू शकते. राहिली तर तिला थांबवा, तिच्यावरचा सुपरब्लॉक (डिस्क कुठल्या मिररची ती नोंद) पुसा, मगच मिररमध्ये घ्या. 2 टीबी पूर्ण सिंक व्हायला चार-पाच तास धरा.

हे सगळं जुन्या बायॉस पद्धतीच्या मशीनबद्दल झालं. तुमचं यूईएफआय या नव्या पद्धतीवर असेल तर बूटच्या फायलींचं ईएफआय पार्टिशन सहसा मिररमध्ये नसतं, ते दुसऱ्या डिस्कवर हाताने कॉपी करून बूट एंट्रीही वेगळी करावी लागते. कुठलं आहे ते कळवा.