नागपूर ४५ अंशांच्या वर तापतं, तरी आजूबाजूला वाघाचं जंगल कसं? नागपूर नेमकं कोणत्या बायोममध्ये, म्हणजे हवामान आणि झाडोऱ्यावरून ठरणाऱ्या पट्ट्यात, येतं?

शुष्क पानझडी जंगलाच्या. वाळवंटाच्या तर मुळीच नाही.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात उतरलात तर वाळवंट वाटेलच, त्यात नवल नाही. त्या दिवसांत डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय इथलं कुणीही बाहेर पडत नाही. पण पारा किती चढतो यावर बायोम ठरत नसतो. सैबेरियातल्या वेर्खोयान्स्क गावात जून २०२० मध्ये ३८ अंश नोंदले गेले, आणि त्याच गावात हिवाळ्यात उणे ६७ पर्यंत पारा उतरलेला आहे. तरी आजूबाजूला टैगाचं, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी, जंगलच आहे. बघायचं असतं ते वर्षभराचं गणित: पाऊस किती, कोणत्या महिन्यांत, आणि त्यातलं मुळांना किती मिळतं.

आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. वाळवंटात तो साधारण अडीचशेच्या खाली असतो. मक्का जवळपास नागपूरच्याच अक्षांशावर, २१ अंशांच्या थोडी वर. तिथे वर्षाकाठी शे-सव्वाशे मिलिमीटर. ऊन दोन्हीकडे सारखंच जाळतं, पण मान्सून आपल्या वाट्याला आला.

आता उलटं बघा. लंडनला सहाशेच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्यापेक्षा बराच कमी, तरी ते उन्हाळ्यातही हिरवं. कारण तिथे थोडा थोडा पाऊस वर्षभर येतो आणि उडून फारसा जात नाही. आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात येऊन जातो. पुढे मे महिन्यात कूलरची टाकी सकाळी भरली की संध्याकाळी तळ दिसतो. जमिनीतल्या ओलीचं तेच होतं. ध्रुवाजवळच्या टुंड्राची तऱ्हा आणखी निराळी. पाऊस-बर्फ वाळवंटाइतकंच, पण खालची जमीन कायम गोठलेली, त्यामुळे उन्हाळ्यात वरचं वितळलेलं पाणी मुरत नाही आणि सगळीकडे दलदल.

नुसती पावसाची बेरीजही फसवते. अॅमेझॉनमधलं मनाउस आणि आपली मुंबई, दोन्हीकडे दोन हजारांच्या वर पाऊस. मनाउसला कोरड्या महिन्यांतही सरी येतात, म्हणून तिथे सदाहरित वर्षावन. मुंबईला दिवाळीनंतर थेंब नाही, म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बरीच झाडं उन्हाळ्याआधी पानं टाकतात.

आपल्या सागाचंही तेच. कोंढाळीच्या रस्त्याला किंवा पेंचमध्ये सिल्लारीकडे एप्रिलात जाऊन बघा. सुपाएवढी पानं खाली पडलेली, खडबडीत, पाय ठेवला की पापडासारखी मोडतात, आणि वर नुसते खराटे. एवढ्या मोठ्या पानातून उन्हाळ्यात पाणी उडवत बसणं झाडाला परवडणारं नाही. युरोपातला ओकही पानं टाकतो, पण तो हिवाळ्यापायी. गंमत अशी की याच करपलेल्या जंगलात ऐन मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाला लालभडक पालवी फुटते आणि पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. ती वेचायला माणसं येतात, तशी अस्वलं आणि चितळंही येतात. खोल गेलेली मुळं आणि खोडात साठवलेलं पाणी यांच्या जोरावर ही झाडं पावसाची वाट न बघता बहरतात.

राहिला वाघ. त्याच्यावरून बायोम ओळखायला जाऊ नका. तो आमूर नदीच्या खोऱ्यात बर्फात राहतो, सुंदरबनात खारफुटीच्या चिखलात राहतो आणि ताडोब्यात बांबूच्या रांजीतही राहतो. त्याला शिकार, पाणी आणि आडोसा मिळाला की पुरे. बायोमची खूण झाडं-गवतच सांगतात.

आता थोडी भानगड. कोपेनच्या हवामान-वर्गीकरणात नागपूर ‘सॅव्हाना’त, म्हणजे झाडं विखुरलेल्या गवताळ माळात, मोडतं. भारतीय वनांची चॅम्पियन आणि सेठ यांची १९६८ ची वर्गवारी मात्र आपल्याकडच्या जंगलाला शुष्क पानझडी म्हणते. बंगळुरूच्या जयश्री रत्नम, महेश शंकरन वगैरे परिसंस्था-अभ्यासकांनी २०११ मध्ये असं मांडलं की आपण ज्यांना कोरडी जंगलं म्हणतो त्यातली बरीचशी खरं तर सॅव्हाना आहेत: झाडांखाली उन्हात वाढणारं सलग गवत, आणि वणवा सोसणारी जाड सालीची झाडं. मला यात तथ्य वाटतं. माळाला ‘बिघडलेलं जंगल’ समजून तिथे दाट झाडं लावत सुटलं, तर काळवीट आणि माळढोकाने जायचं कुठे?

तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर ही भानगड तिथे काढू नका. ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वने’ एवढंच लिहा, गुण त्यालाच आहेत.