दिवसाला दोन विमानं येणाऱ्या सरकारी विमानतळावर साहेबाला काम तरी काय असतं?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या विमानतळावर दिवसाला जेमतेम दोन विमानं येतात, मग संचालक, अधिकारी, अग्निशमन दल एवढा सरकारी पसारा कशाला? आणि हे सगळं एखाद्या खासगी कंपनीच्या हुशार मॅनेजरकडे दिलं तर सुधारणार नाही का?

मी अशाच एका लहान सरकारी विमानतळावर बारा वर्षं काढली. गाव सांगत नाही, पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं अजून तिथेच आहेत.

गेटच्या आत जेवढे लोक दिसतात त्यातले निम्मे साहेबाचे, म्हणजे विमानतळ संचालकाचे, नसतातच. बॅगा तपासणारे पोलीस किंवा सीआयएसएफचे जवान, आणि त्यांचे नियम ठरवणार बीसीएएस, म्हणजे केंद्राचं विमान सुरक्षा खातं. काउंटरवरची मुलं विमान कंपनीची, इंधनाचा टँकर तेल कंपनीचा, वाऱ्या-पावसाचा आकडा देणारा हवामान खात्याचा. शिर्डीला तर जमीन आणि इमारत एमएडीसी या राज्य सरकारच्या विमानतळ कंपनीची, पण टॉवरमध्ये बसलेला कंट्रोलर केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाचा. नाशिकला ओझरची धावपट्टी विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीची. यांच्या रजा, बदल्या, बढत्या यातलं काहीच साहेबाच्या हातात नाही. पण धावपट्टीवर कुत्रं शिरलं की विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीएचं पत्र येतं ते साहेबाच्या टेबलावर, कारण लायसन विमानतळाचं आणि जबाबदार माणूस तो. म्हणजे जे आपल्या हाताखाली नाहीत त्यांच्याकडून काम करून घेणं, हीच खरी नोकरी. भिंतीबाहेर तर हे आणखीच.

आमच्याकडे घारींचा त्रास होता. पावसाळ्यात धावपट्टीच्या कडेचं गवत वाढतं, किडे येतात, त्यामागे टिटव्या आणि बगळे. तो बंदोबस्त जमतो, गवत कापायचं, फटाके वाजवायचे. घारी मात्र यायच्या भिंतीमागच्या ओढ्यावर, कोंबडीच्या आतड्या-पिसांसाठी. विमान नियम १९३७ मधला नियम ९१ सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायचा नाही. त्या नियमाचा दाखला देत आधीच्या साहेबांनी नगरपालिका, ग्रामपंचायत, कलेक्टर ऑफिस सगळीकडे पत्रं धाडली होती. फाइल दोन बोटं जाड झालेली. घारी तेवढ्याच.

नवीन साहेब आले ते पहिल्याच महिन्यात एका रविवारी मला म्हणाले, चला, चिकन घ्यायला जाऊ. चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "हे सगळं टाकता कुठं?"

"ओढ्याला."

"घंटागाडी येत नाही का?"

"येते की, सकाळी दहाला. आमची गर्दी दोनपर्यंत. तोवर ठेवलं तर वास मारतो, गिऱ्हाईक शिव्या घालतं."

दोन बोटं जाड फाइलीत हे कुठेच नव्हतं. साहेब सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले, सोबत एकही पत्र नेलं नाही. रविवारी आणि बुधवारी दुपारी तीनला घंटागाडीची एक जादा फेरी सुरू झाली. घारी पुरत्या गेल्या नाहीत, पण सकाळच्या जीपच्या फेरीत आमच्या वहीतला आकडा निम्म्यावर आला. पुढे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी या कामाचा पत्रव्यवहार मागितला, तेव्हा आमची पंचाईत झाली. पत्रव्यवहारच नव्हता!

आता अग्निशमन दलाचं. विमानाच्या लांबीवरून विमानतळाला अग्निशमनाची कोणती श्रेणी लागते ते ठरतं. लहान गावांना येणारं पंख्याचं एटीआर ७२ विमान साधारण २७ मीटर लांब, त्याला श्रेणी ५ लागते. त्याहून मोठ्या ए३२० ला श्रेणी ६. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला गाडी जास्तीत जास्त ३ मिनिटांत पोचून फेस मारायला लागली पाहिजे. दिवसाला दोन विमानं येवोत की वीस, ही वेळेची अट बदलत नाही. तुम्हाला दिवसभर रिकामी बसलेली दिसतात ती माणसं या ३ मिनिटांसाठी बसलेली असतात.

एका शनिवारी आमची एक गाडी आधीच वर्कशॉपला होती आणि दुसरीच्या सकाळच्या चाचणीत छतावरच्या मॉनिटरमधून, म्हणजे पाण्याच्या तोफेतून, पाण्याची धार निघाली ती टपावरच गळून पडली. पंप दाबच धरेना. विमान यायला तीन तास. टर्मिनलबाहेर एका पुढाऱ्याच्या स्वागताला हार घेऊन माणसं उभी. साहेबांना फोन आला, माझ्यासमोर, आणि पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता: "गाडी दिसायला उभी आहे ना? मग उतरू द्या."

साहेबांनी फोन ठेवला आणि नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढायला लावला. विमान मुंबईहून निघालंच नाही. मग स्वतः काउंटरसमोर उभे राहिले आणि साठ-सत्तर प्रवाशांना म्हणाले, आज आग लागली तर पाणी मारणारी गाडी माझ्याकडे नाही, म्हणून मीच विमान थांबवलंय. अर्धे गप्प झाले. उरलेले टॅक्सीचे पैसे मागत होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

त्या पंपाच्या सुट्या भागाची मागणी चार महिने तीन टेबलांवर फिरत होती. त्यातलं एक टेबल माझं होतं. साहेबांच्या अहवालात माझं नाव आलं नाही. मला केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी फाइल शिपायाकडे द्यायची नाही. स्वतः जिना चढून यायचं."

काही गोष्टी मात्र कितीही जिने चढून सुटत नाहीत. सोलापूरचं बघा. होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची सुमारे ९० मीटर उंच चिमणी. विमानांच्या दृष्टीने तो अडथळा, सभासद शेतकऱ्यांच्या दृष्टीने उसाचं गाळप. वर्षानुवर्षं नोटिसा, कोर्ट, आंदोलनं. शेवटी १५ जून २०२३ ला महापालिकेने ती पाडली, आणि गोव्याचं विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला. चिमणी पडल्यावरही दोन वर्षं! त्या काळात तिथल्या खुर्चीत कितीही हुशार मॅनेजर बसवला असता तरी चिमणीची एक वीट हलली नसती. तो निर्णय विमानतळाच्या कुंपणात होणारा नव्हताच.

राहिला खासगीचा मुद्दा. खासगी कंपनी पैसा दिसतो तिथे उत्तम काम करते, यात वाद नाही. पण लहान विमानतळावर पैसा आहे कुठे? प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना लँडिंग चार्जच नाही. म्हणजे तुमचं एटीआर उतरलं तरी त्या खात्यात शून्य. लहान गावं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतल्या विमानांना तोट्याची भरपाई मिळते, त्यातला २० टक्के वाटा राज्याचा, पण ती जाते विमान कंपनीला. विमानतळाच्या हाती उरतं मुख्यतः पार्किंग, चहाचा स्टॉल आणि दोन-चार जाहिरातींचे फलक. एवढ्यावर अग्निशमनाच्या एका पाळीचा पगारही निघत नाही. मग खासगीवाला खर्च कुठे कापेल? मला तर पहिली ती रिकामी बसलेली माणसंच दिसतात.

सरकारी पद्धतीत सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणत नाही. चांगला साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि घंटागाडीसारखी तोंडी बसवलेली घडी त्याच्याबरोबर मोडते. आमची मोडली. नवीन साहेबांना कुणी सांगितलंच नाही, मुख्याधिकारीही बदलले, दिवाळीपर्यंत ओढा पुन्हा भरला. मी सांगायला हवं होतं. तेव्हा मी रजेवर होतो, आल्यावर राहूनच गेलं.

तुमचं विमानतळ प्राधिकरणाचं असेल तर तिथे एक सल्लागार समिती असते, स्थानिक खासदार तिचे अध्यक्ष. शेवटची बैठक कधी झाली ते खासदारांच्या कार्यालयात विचारा. जमलं तर इतिवृत्त मागा, आणि नवीन विमानांच्या मागण्यांखेरीज त्यात कचऱ्याचा, पक्ष्यांचा किंवा आसपासच्या उंच बांधकामांचा विषय आहे का ते बघा.