‘मानणे’ आणि ‘पाळणे’: एका अज्ञेयवादी ज्यूसाठी मराठी शब्द

कोल्हापुरातील एका अनुवादक वाचकांची पृच्छा अशी आहे: एका वृद्ध ज्यू गृहस्थांच्या आठवणी त्या मराठीत आणत आहेत; हे गृहस्थ स्वतःला ‘ॲग्नॉस्टिक’ म्हणवतात, परंतु माणसांशी नीतीने वागणे हेच आपले धर्माचरण आहे असेही सांगतात. त्यांना ‘नास्तिक ज्यू’ म्हणावे काय, आणि ‘ते नैतिक वर्तनातून ज्यू धर्माचा सराव करतात’ हे वाक्य चालेल काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सराव तालमीत होतो, गाण्याचा होतो, परीक्षेपूर्वी गणितांचाही होतो; धर्माचा सराव मराठीत कोणी करत नाही.

‘नास्तिक’ हा शब्द मात्र इथे अन्याय करील. त्याच्या मुळाशी ‘न अस्ति’, म्हणजे ‘नाही’ असे ठाम मत आहे, आणि मनुस्मृतीने तर वेदांची निंदा करणाऱ्यालाच नास्तिक ठरवले. त्यामुळे ईश्वर न मानणारे मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनाचे अनुयायी, वेद मानतात म्हणून आस्तिकांच्या पंक्तीत बसले! ‘निरीश्वरवादी’ हा शब्द अधिक नेमका असला तरी त्यातही नकारच आहे, आणि हे गृहस्थ तर होकारही देत नाहीत व नकारही देत नाहीत. ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी 1869 मध्ये घडवला, त्यामुळे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही. त्यातील ग्रीक धातू आणि आपला ‘ज्ञा’ हे सख्खे भाऊबंद असल्याने ‘अज्ञेयवादी’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीनेही शोभतो. एक बारीक फरक तेवढा ध्यानात ठेवावा: ‘अज्ञेय’ म्हणजे जाणता येणारच नाही असे, आणि ‘अज्ञात’ म्हणजे अद्याप जाणलेले नाही असे. ते गृहस्थ जिथे स्वतःला नाव देतात तिथे ‘अज्ञेयवादी’ लिहावे. जिथे नुसते बोलतात तिथे ‘देव आहे की नाही, मला ठाऊक नाही’ हे साधे वाक्य अधिक प्रामाणिक होईल.

खरी किल्ली मात्र क्रियापदात आहे. मराठीत देव ‘मानतात’ आणि धर्म ‘पाळतात’. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात सोमवारी ताट सरकवून ‘आज वार पाळतो’ म्हणणाऱ्याला, तुमची शंकरावर श्रद्धा किती, असे कोणी विचारत नाही. कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले तेही पाळण्यावरूनच: तेलाचा घाणा शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद, एवढे गावाला दिसत होते, मनात काय होते ते दिसत नव्हते.

ज्यू परंपरेची स्वतःची शब्दसंपत्तीही ‘पाळण्या’कडेच झुकते. धर्मनियमांना हिब्रूत ‘हलाखा’ म्हणतात, आणि त्याचा धातू ‘चालणे’ या अर्थाचा आहे. आपल्या ‘आचार’ शब्दातला ‘चर्’ हाही चालण्याचाच धातू. सिनाई पर्वतापाशी इस्राएली लोकांनी देवाला दिलेल्या वचनात ‘आम्ही करू’ हे शब्द आधी येतात आणि ‘आम्ही ऐकू’ हे नंतर. ‘मित्स्वा’ मात्र अडचणीचा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘आज्ञा’. परंपरेने त्या 613 मोजल्या आहेत, आणि आज्ञा म्हटली की आज्ञा देणारा कोण हा प्रश्न आलाच. परंतु तीच परंपरा माणूस आणि देव यांच्यातील कर्तव्ये व माणूस आणि माणूस यांच्यातील कर्तव्ये असा भेदही करते. तुमचे गृहस्थ दुसऱ्या कप्प्यावर उभे आहेत असे मला वाटते. म्हणूनच आठवणींत ‘त्झदाका’ आल्यास त्याचे नुसते ‘दान’ करू नये. त्या शब्दाचे मूळ न्यायात आहे, औदार्यात नाही. गरजवंताला देणे हे तिथे उपकार नसून देणे लागणे आहे.

‘आचार’ हा शब्द एकटा वापरू नये, हेही सांगून ठेवतो. व्युत्पत्ती कितीही देखणी असली तरी मराठी कानाला त्यातून सोवळे, शिवाशिव आणि स्वयंपाकघराचे नियम ऐकू येतात, आणि शाहू महाराजांच्या नगरीत तरी तो वास लवकर जाणवतो. ‘सदाचार’ सुभाषितासारखा वाटतो. त्यापेक्षा ‘शेजारधर्म’ पाहा: त्यात देव नाही, पूजा नाही, तरी ‘धर्म’ आहे आणि तो ‘पाळायचा’ असतो. ज्या भाषेत हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, तिला या गृहस्थांची भूमिका समजावून सांगण्यासाठी तळटीप लागू नये.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘ते अज्ञेयवादी आहेत; देव आहे की नाही याचा निवाडा ते करत नाहीत. मात्र ज्यू धर्म ते पाळतात, आणि तो पाळणे म्हणजे त्यांच्या लेखी माणसांशी न्यायाने वागणे.’ ‘पाळतात’च्या जागी ‘मानतात’ घालून वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहा; ते तिथेच मोडेल.