वेळ मोजायची ती शुद्ध हरपेपर्यंतची

प्रयोगातल्या रॅटना शेवटी कार्बन डायऑक्साइडने (सीओटू) मारताना त्यांना होणाऱ्या त्रासाची नोंद कशी ठेवायची, ही तुमची पोस्ट वाचून आमचंच जुनं ॲनिमल हाऊस (प्रयोगाची जनावरं ठेवण्याची जागा) डोळ्यांपुढे आलं. सीओटूच्या डब्यात रॅट उड्या मारतात, आयएईसीने (प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या संस्थेतल्या समितीने) वेल्फेअरची नोंद मागितलीय आणि गाईड म्हणतात, "किती मिनिटांत मेला ते लिही, झालं." मंजुरी, तिचा अर्ज (फॉर्म बी) वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही. मी व्हेट (पशुवैद्य) नाही, शेवटचा शब्द तुमच्या व्हेटचा.

माझ्या मते मेल्याची वेळ ही निरुपयोगी नोंद आहे. त्रास होतो तो जनावर शुद्धीवर असताना. गॅस सोडल्यापासून राइटिंग रिफ्लेक्स (पडल्यावर आपोआप सरळ होण्याची क्रिया) जाईपर्यंतचा काळ मोजा: डबा हलकेच कलता केल्यावर आडवा झालेला रॅट सरळ व्हायला धडपडत नाही, तो क्षण. त्याआधीचं सगळं लिहायचं. मागच्या पायांवर उभं राहून झाकणाला नाक लावणं, पळापळ, पुन्हापुन्हा तोंड पुसणं, गोठून बसणं. 'शांत बसला होता' असं कृपया लिहू नका, भ्यालेला रॅटही गोठतो, आणि २२ किलोहर्ट्झच्या आसपासचं त्याचं ओरडणं आपल्याला ऐकूच येत नाही. शुद्ध गेल्यानंतरचे आचके वेगळ्या रकान्यात. व्हिडिओ काढाच, डोळ्यांनी अर्धं निसटतं.

आता मुख्य दुखणं. हा काळ ठरतो गॅसच्या वेगावर. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के असा वेग आहे, म्हणजे २० लिटरच्या डब्याला ६ ते १४ लिटर. (तुमच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, १० ते ३० टक्के असेल तर ती बहुधा २०१३ च्या आवृत्तीवरून उतरवलेली आहे.) आधीच भरलेल्या डब्यात जनावर सोडायचं नाही. जास्त प्रमाणातला सीओटू ओल्या नाका-डोळ्यांवर आम्ल होऊन झोंबतो, आणि तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर असतं.

हा वेग कळायला फ्लोमीटर लागतो. आमच्या खरेदी विभागाचं उत्तर ठरलेलं: "सिलिंडरवर काटा आहे ना, मग दुसरा मीटर कशाला? ऑडिटला काय सांगू?" तो काटा दाब दाखवतो हो! सीओटूच्या सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक असेतो दाब जवळपास तेवढाच राहतो, आणि आपल्या मुंबईच्या उन्हाळ्यात ३१ अंशांच्या वर तर तो द्रवही राहत नाही. काट्यावरून ना वेग कळतो, ना गॅस किती उरलाय ते. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि तोवर अटेंडंट सुरसुर आवाजावरून नॉब फिरवत राहिला. एका विद्यार्थिनीच्या प्रयोगातले कॉर्टिकोस्टेरॉनचे (ताणाच्या हार्मोनचे) आकडे इतके विखुरले की औषधाचा परिणाम कोणता आणि डब्यातल्या घाबरण्याचा कोणता, हे सांगणं अशक्य झालं. सगळा बॅच वाया. किंमत जनावरांनी मोजली, सही अडवणाऱ्याने नाही.

म्हणून फ्लोमीटरच्या इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) 'उपकरण' लिहू नका, 'आयएईसीच्या अटीची पूर्तता' लिहा आणि समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची (मिनिट्सची) प्रत जोडा. हे सगळीकडे चालेलच असं नाही, पण नकार लिहून द्यायला मग कोणी धजत नाही.

बाकी थोडक्यात. जमलं तर रॅटच्या स्वतःच्याच केजमध्ये करा, अनोळखी रॅट एकत्र कोंबू नका. दोन खेपांमध्ये डबा उलटा करून रिकामा करा आणि धुवा, हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. त्याच कारणाने बंद एसी खोलीत स्वतःचीही काळजी घ्या. श्वास थांबल्यावर मृत्यूची खात्री दुसऱ्या पद्धतीने करायचीच. ग्रिमेस स्केल (चेहऱ्याच्या हावभावांवरून गुण देण्याची पद्धत) मला इथे फारसं पटत नाही, ते वेदनेसाठी आहे आणि इथे चेहरा नीट दिसण्याआधीच काळ संपतो, पण यावर मतभेद आहेत.

प्रोटोकॉलमध्ये नवजात पिल्लं असतील तर मात्र यातलं काही तसंच लावू नका. ती कमी ऑक्सिजनमध्ये बराच वेळ तग धरतात. त्यांची पद्धत व्हेटकडून वेगळी लिहून घ्या.