शिबिरात सगळं येतं, पेपरात काहीच येत नाही

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की माझ्याकडे दहावीची मुलं यायला लागतात. तुर्भे-वाशी भागात मी बारा वर्षं समुपदेशन करते आहे, आणि वस्तीतल्या मुलांचं गाऱ्हाणं दरवर्षी तेच असतं. "मॅडम, उजळणीला बसले की सगळं येतं. पेपर समोर आला की डोकं कोरं." यंदा हे इतक्या जणांकडून ऐकलं की मागे येऊन गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगायचं ठरवलं. तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुर्भ्याच्या इंदिरानगरात त्यांची एक खोली. वडील एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याच्या माण तालुक्यातले. आई सानपाड्यात चार घरची कामं करते. पाणी पहाटे यायचं आणि ते भरायचं काम हिच्याकडे. घरी अभ्यासाला ना जागा ना शांतता, म्हणून रविवारच्या मोफत उजळणी शिबिरावर सगळ्यांची भिस्त. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, एका दिवसात एक अख्खा विषय. असे चार रविवार करूनही पूर्वपरीक्षेत भूगोलात ४० पैकी ११.

पहिल्या भेटीत तिने शिबिराची वही माझ्यासमोर ठेवली. सुंदर अक्षर, मथळे लाल शाईत, खाली पट्टीने मारलेल्या रेघा. मी पानं उलटत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "हिच्या डोक्यात राहतच नाही, मॅडम. आमच्यासारखीच आहे." मुलीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पहिल्या दोन भेटी मी भीतीवर घालवल्या. श्वासाचे व्यायाम घेतले, नापास होण्याच्या विचारांशी कसं बोलायचं ते पाहिलं. तिला झोप बरी लागायला लागली, पण गाऱ्हाणं जागच्या जागी. तिसऱ्या वेळी मी साधं विचारलं, "गेल्या रविवारी सकाळपासून काय काय केलंस, सांग बरं."

"सर फळ्यावर लिहीत होते, आम्ही उतरवून घेत होतो. मग त्यांनी परत समजावलं. मग महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं वाचली."

"आणि न बघता किती लिहिलंस?"

ती गोंधळली. "न बघता? न बघता कधी लिहायचं, मॅडम?"

तिथे मला उमगलं. भीती खरी होती, पण ती मागाहून आलेली. बोर्ड जी एकच गोष्ट मागतं, समोर काही नसताना आठवून लिहिणं, ती या मुलीने चार रविवारांत एकदाही केली नव्हती. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी तेव्हापासून प्रत्येक शिक्षकाला सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती. शिबिरात "सगळं येतं" असं वाटणं हे मुलांचं ढोंग नसतं. ओळखीचा मजकूर समोर दिसला की तो आपल्याला येतो असंच कुणालाही वाटतं.

मी तिला पुस्तक दप्तरात ठेवायला सांगितलं आणि एक कोरा कागद दिला. "ब्राझीलबद्दल आठवेल ते लिही. दहा मिनिटं. चुकलं तरी चालेल."

"काहीच नाही आठवत."

"मग काहीच नाही, असं लिही."

पहिली दोन-तीन मिनिटं पेन हललं नाही. मी मुद्दामच खिडकीबाहेर बघत बसले. मग कागदावर 'ॲमेझॉन' उतरलं. त्याखाली 'कॉफी', 'पोर्तुगीज', 'ब्राझिलिया'. मग बराच वेळ काही नाही. आणि एकदम तिने भराभर लिहिलं: मोठा कडा आहे, वारा अडवतो, मागच्या बाजूला पाऊस कमी. पेन थांबलं. "मॅडम, आमच्या माणला पण असंच आहे ना? डोंगर तिकडेच पाऊस अडवतो, म्हणून गावाला पाणी नाही."

कड्याचं नाव तिला आठवलं नव्हतं, पण कारण आठवलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या गावाशी जोडलं होतं. दहा मिनिटं संपल्यावर मी तिलाच मुद्दे मोजायला लावलं. चौदा भरले. तिने पुन्हा मोजले. मग पुस्तक काढून राहिलेलं लाल शाईने तिनेच भरलं. 'अजस्र कडा' हे नाव लिहिताना तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा बाकी राहिला.

आत्मविश्वास शाबासकीपेक्षा स्वतःच्या हाताने काही जमलं की जास्त येतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचं म्हणणं मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. पण ते असं डोळ्यांसमोर घडताना क्वचितच बघायला मिळतं.

पुढच्या भेटीला आई आली. मी विचारलं, "ताई, चार घरांतल्या कुणाच्या भाजीत गूळ, कुणाला लसूण चालत नाही, हे लिहून ठेवता का?"

"लिहायला येतंय कुठं मला? रोज करून करून बसलंय."

"म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरंच. पोर तुमच्यासारखीच आहे. तिच्याही डोक्यात करून करूनच बसेल."

आई लेकीकडे बघत राहिली. त्या दिवशी ती 'राहत नाही' असं एकदाही म्हणाली नाही.

मग मी शिबिराच्या मंडळींना भेटले. पोर्शन एवढा, वेळ थोडा, मुलांना लिहायला कसं लावत बसायचं, हा त्यांचा प्रश्न. एक रविवार करून बघा, एवढीच मी गळ घातली. सकाळी पहिला अर्धा तास पुस्तकं बंद आणि मागच्या रविवारचे प्रश्न. शिक्षकांनी शिकवायचं ते फक्त मुलांचं अडलेलं. मग ४० गुणांचा दोन तासांचा पूर्ण पेपर, घड्याळ लावून. पहिल्या वेळी हिचे नऊ गुणांचे प्रश्न लिहायचे राहून गेले, कारण इतकं सलग लिहायची हाताला सवयच नव्हती. दुपारी खिचडी. पहाटे पाणी भरून उपाशी आलेल्या मुलांकडून दिवसभराच्या मेहनतीची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. आणि एका दिवसात एक विषय 'संपवणं' बंद. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की नवं पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि त्याच अभ्यासाच्या फेऱ्या दिवसांत वाटून घेतल्या तर कमी कष्टांत पाठ होतं. म्हणून प्रत्येक विषय दर रविवारी थोडा थोडा परत यायलाच हवा.

बोर्डात तिला सामाजिक शास्त्रांत १०० पैकी ७२ मिळाले, गणितात ४१, एकूण ६३ टक्के. मेहनत सगळी तिची, पण त्या कोऱ्या कागदाचा मला आजही अभिमान वाटतो.

हातात तीनच रविवार उरलेत, असं म्हणत येणाऱ्या पालकांना मी सांगते: सगळा अभ्यास पुरा करायच्या मागे लागू नका. अर्धेमुर्धे येणारे धडे आधी घ्या. ३५ च्या पुढे मुलांना तेच नेतात. घरी रोज वीस मिनिटं पुरतात, पुस्तक मिटून. शेजारी बसणाऱ्याला वाचता आलं नाही तरी चालतं, "आज काय आठवलं ते सांग" एवढं विचारलं तरी पुष्कळ. खर्च काहीच नाही. या मुलीचे सराव कागद सानपाड्याच्या एका घरातून यायचे, एका बाजूने छापलेले. रद्दीत जाण्याआधी आई ते मागून घ्यायची आणि लाटणं फिरवून सरळ करून ठेवायची.